ऊर भरून येतो तेव्हा

प्रार्थनाघराचा चढ चढताना शिंप्याचा ऊर हल्ली भरून यायचा. अर्ध्या वाटेवर तो थांबायचा, छातीवर तळहात ठेवून डोळे मिटायचा आणि जरा वेळाने प्रसन्न चेहऱ्याने पुढे निघायचा. बघणारे म्हणायचे, "काय भक्ती! दार दिसायच्या आधीच गहिवरतो." त्यालाही तसंच वाटायचं. देवच सामोरा येतोय म्हटल्यावर नको कोण म्हणेल?

"गहिवर कसला! पित्त आहे पित्त," बायको म्हणायची. "तिखटावर ताव मारता ना, तेच बोलतंय."

शेवटी हा वाद तिने डॉक्टरीणबाईंपुढे नेला.

"ऊर भरून येतो," शिंपी भाविकपणे म्हणाला.

"भजन गाताना?"

"छे. गाताना डोळे भरतात."

"जेवून आडवं झाल्यावर जळजळ? आंबट पाणी?"

"नाही."

बाईंनी बरगड्या बोटांनी दाबून पाहिल्या. "दुखतंय? मोठा श्वास घेतल्यावर टोचतं?"

"अजिबात नाही. चढावरच होतं. आतून कुणी पट्टा आवळावा तसं. थांबलो की ओसरतं."

"दुसरीकडे कुठे झालंय?"

शिंपी चपापला. "शिलाई मशीन वरच्या मजल्यावर चढवताना."

"तेव्हा कुठला देव भेटायला आला होता?" बायकोने टोला हाणला; पण तिचा चेहरा उतरला होता. पित्तही जिना बघून येत नाही, हे तिच्याही ध्यानात आलं.

बाईंनी तिथेच ईसीजी काढला. सगळं ठीक निघालं. शिंपी खुशीत सदऱ्याची बटणं लावू लागला.

"थांबा. हा तुम्ही निवांत पडलेले असतानाचा. तुमचं दुखणं चढावर भेटतं, त्याला तिथेच गाठायला हवं. आणि ऐका, बसल्या जागी असं झालं, तर देवाचं नाव घ्या, पण गाडीत बसून घ्या. थेट इस्पितळात या."

दुसऱ्या दिवशी इस्पितळात छातीला वायरी लावून त्याला सरकत्या पट्ट्यावर चालवलं. पट्ट्याचा चढ वाढवला, आणि आला, तोच भरलेला ऊर आला. पडद्यावरच्या रेषा खाली झुकल्या. पट्टा लगेच थांबवला. पुढच्या तपासणीत हृदयाची एक रक्तवाहिनी पार अरुंद झालेली दिसली. झटका यायच्या आधी कळलं, सकाळी स्टेंट बसवू, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी शिंपी भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बायकोने पांघरूण सारखं केलं.

"भीती वाटतेय का हो?"

"त्याची नाही गं. म्हणजे देव आलाच नव्हता. नुसती नळी तुंबली होती आणि मी वेडा हात जोडत होतो."

ती कॉटवर टेकली. प्रवचनं तिने त्याच्याइतकीच ऐकली होती. फरक एवढाच की ती डोळे उघडे ठेवून ऐकायची.

"आला नसता तर दर वेळी अर्ध्या वाटेवर तुम्हाला थांबवलं कुणी? भक्तीच्या तोऱ्यात तसेच वर पळाला असतात, तर आज मी कुणाशी भांडले असते?"

शिंपी तिच्याकडे वळला.

"तू कीर्तन का करत नाहीस?"

"करते की. रोज. तुम्ही ऐकता कुठे?"

स्टेंट नीट बसला. दुसऱ्या दिवशी नर्सने त्याला आधी व्हरांड्यात फिरवलं, मग जिन्याच्या चार पायऱ्या हळूच चढवल्या. बायको श्वास रोखून खाली उभी.

"छातीत काही?" नर्सने विचारलं.

तो कान देऊन थांबला. आत सगळं मोकळं होतं.

"काही नाही," तो म्हणाला, "पण भूक कडकडून लागलीये."

"अळणी मिळेल हं!" खालून आवाज आला.