माझ्या तळाचं भोक

मी एक जुना जवसाच्या तेलाचा डबा आहे. मित्रांनो, माझ्या गंजलेल्या अंगाकडे बघून नाक मुरडू नका. नागपूरच्या कारखान्यात कारागिराने माझे सांधे डाग देऊन बंद केले, पाणी भरून पाहिले आणि एक थेंबही गळला नाही म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेने मी फार चढून गेलो. न गळणे हाच आपला मोठेपणा, अशी माझी ठाम समजूत झाली.

तेल घेऊन मी रेल्वेने तिरोडीला आलो. तेल संपल्यावर मँगनीजच्या खाणीत कामाला जाणाऱ्या तेजरामने मला विकत घेतले. पुढे काही वर्षे मी नळावरून पाणी वाहिले. माझी कडी तुटली तशी माझी रवानगी क्वार्टरच्या मागच्या भिंतीशी झाली. तिथे पालींखेरीज कोणी माझी चौकशी केली नाही.

मग एके दिवशी तेजरामच्या बायकोने, सत्यभामाने, मला उचलले. ती भंडाऱ्याकडची. नुकतीच तिची आई वारली होती आणि तेरवीहून परतताना तिने पदराच्या गाठीत भेदराचे बी बांधून आणले होते. टोमॅटोला तिच्याकडे भेदरं म्हणतात. आईने दरवर्षी राखलेले ते बी होते. भावांनी आता आईची वाडी मोडली होती, म्हणजे जगात ते बी तेवढेच उरले होते. तेजरामने खिळा ठोकून माझ्या तळाला भोक पाडले तेव्हा मला फार अपमान वाटला. सत्यभामाने माती भरली, बी टाकले. बरेचसे मुंग्यांनी नेले, काही कुजले. एकच रोप वर आले.

त्या एका रोपाने माझा राग घालवला. त्याची मुळे माझ्या आत हळूहळू पसरत होती आणि मला कोणीतरी सोबतीला आल्यासारखे वाटत होते.

पावसाळा सरला आणि खैरलांजीकडच्या गावाहून तेजरामची आई शेवंताबाई राहायला आली. तिचा सगळा जन्म धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, गेलेला. बांधीच्या धुऱ्याला, म्हणजे कडेच्या मातीच्या बांधाला, खेकड्याने बीळ पाडले की धावत जाऊन ते चिखलाने लिंपायचे, नाहीतर पाणी फुटून पीक गेले, हे तिच्या हाडात मुरले होते. माझ्या तळातून पाणी झिरपताना तिने पाहिले आणि तिला राहवले नाही. सून नळावर गेली असताना तिने भोकात चिंधी कोंबली आणि वरून डांबर थापले. बिचारीने चांगल्या मनानेच केले.

मित्रांनो, तिथून माझे हाल सुरू झाले. वरून पाणी येत होते आणि खाली वाटच नव्हती. माती चिखल झाली, चिखल आंबला. रोपाची मुळे माझ्या चारी भिंती चाचपत फिरली आणि एकेक करून काळी पडली. मी पाण्याने गच्च भरलो होतो आणि आत रोप गुदमरत होते. मला सगळे कळत होते आणि काही करता येत नव्हते. ज्या न गळण्याचा मला एवढा ताठा होता, तेच आता घात करत होते.

खालची पाने पिवळी पडली. शेजारच्या चंपाबाईने नजर लागली म्हणून मिरच्या बांधल्या. तेजरामने पानांवर राख उडवली, तंबाखूचे पाणी शिंपडले. कीड असती तर ती मेली असती, पण कीड नव्हतीच. दुखणे तळाशी आणि औषध शेंड्याला, असा सगळा कारभार. दुपारी पाने माना टाकत. मग शेवंताबाई म्हणे, झाड तहानले, आणि आणखी एक लोटा माझ्यात ओते. त्या लोट्याचा आवाज ऐकला की माझा पत्रा शहारायचा.

सत्यभामाचे जेवणावरून मन उडाले. शेवटी एका सकाळी तिने मातीत बोट खुपसले. बोटाभोवती पाणी जमले, आंबूस वास आला. तिने मला कलते करून खाली पाहिले. मग ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, खालून पाणी काहून येत नाही?"

शेवंताबाईने वाकून माझ्या तळाकडे पाहिले. मग म्हणाली, "म्याच बुजवलं. पाणी वाया जाऊन राह्यलं होतं."

सत्यभामा भांडली नाही. नुसती रडत म्हणाली, "मायचं एवढंच उरलं होतं माह्यापाशी."

शेवंताबाईने विळा आणला. मला आडवे करून तिने विळ्याच्या टोकाने डांबर खरवडले, चिंधी ओढली. काळे पाणी भसाभसा गेले आणि कितीतरी दिवसांनी मला मोकळे वाटले. पण मुळे कुजलीच होती. शेवंताबाईने खोडावरून अंगठा फिरवला. वरचा शेंडा हिरवा होता आणि त्याच्या देठावर बारीक पांढरे फोड आले होते. धानाची रोवणी करून करून तिच्या बोटांना मूळ कुठे फुटते ते कळत होते. तिने शेंडा कापला, सुनेच्या हातात दिला आणि म्हणाली, "रोव. पाणी तू घाल. मी हात लावत नाही."

सत्यभामाने मला घासून उन्हात वाळवले, नवी रेताड माती भरली, शेंडा रोवून मला सावलीत ठेवले. पहिले काही दिवस तो मान टाकूनच होता. रोज माती बोटाने पाहून, कोरडी लागली तरच ती पाणी घाली. मग एका सकाळी शेंडा ताठ उभा राहिला. फाल्गुनात भेदरं लाल झाली. पहिले फळ कोणी खाल्ले नाही. सत्यभामाने त्याचे बी राखेत घोळून वाळवले आणि दोन पुड्या बांधल्या. एक तिने स्वतःकडे ठेवली. शेवंताबाई गावी निघाली तेव्हा दुसरी तिच्या हातावर ठेवली.

पुडी कमरेला खोचत शेवंताबाई एवढेच म्हणाली, "धुऱ्यावर लावीन. पाण्यात नाही."

मित्रांनो, तुमच्या झाडाने मान टाकली की लोटा उचलण्याआधी माती हाताने पाहा. ओल्या मातीतही झाड सुकत असेल तर त्याला पाणी नको, वाट हवी आहे. आम्ही डबे काही सांगू शकत नाही. आम्हाला जरा उचला आणि खाली बघा.