भिंतीपलीकडची धग

बाबांच्या खोलीची एक भिंत कायम गरम असायची. तिच्या पलीकडे आमची काचेची भट्टी. घरी कोणी आलं की बाबा त्याला चहाच्या आधी त्या भिंतीला हात लावायला लावायचे आणि सांगायचे, "माझ्या आजोबांनी पेटवली, वडिलांनी राखली, मी राखली. एकदाही विझलेली नाही." पाहुणे बिचारे मान डोलवायचे आणि आत कपबशा वाजतायत का ते ऐकत बसायचे.

मला या कौतुकाचा कंटाळा यायचा. भट्टी आता मी चालवते. प्रयोगशाळांचे चंबू, दिव्यांच्या काचा, कधी हौशी माणसांसाठी फुलदाण्या. आग काय, गॅस सोडला की पेटते, तिला कसलं आलंय खानदान! असं मी म्हणायचे खरी, पण भट्टीची ती संथ घरघर ऐकतच मी लहानाची मोठी झाले. परगावी गेले की झोप लागायची नाही. घरी येऊन उशीला डोकं टेकलं की ती घरघर अंगात उतरायची, आणि जागेपणीच अर्धं स्वप्न सुरू व्हायचं.

यंदा बाबांनी अंथरूण धरलं. भट्टीत बघून बघून डोळे आधीच गेले होते, फक्त उजेड आणि सावली एवढंच कळायचं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. बाबांना न सांगताच समजलं होतं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "मला पेटती मिळाली, पोरी. पेटतीच तुझ्या हातात देऊन जायचंय. बाकी काही नको."

आणि नेमकी तेव्हाच मूस तडकली. मूस म्हणजे काच वितळते ते मातीचं मोठं भांडं. पातळ काच झिरपून भट्टीचा तळ खायला लागली. भट्ट्या बांधणारा गवंडी आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "ताई, आजच विझवा. नाहीतर भट्टीच राहायची नाही." नवी मूस बसवून, तळ बांधून, सगळं हळूहळू वाळायला आठवडा तरी हवा होता.

मी आत्याकडे बघितलं. बाबांची ही धाकटी बहीण, त्यांच्या सेवेला म्हणून येऊन राहिलेली. ती पदर खोचत म्हणाली, "दादाला सांगायचं नाही. सांगितलंस तर तो आजच डोळे मिटेल."

"अगं, पण भिंत गार पडेल ना."

"पडू द्यायची नाही."

आता हे कोणाला सांगितलं तर हसेल, पण आम्ही दोघींनी खरोखर भिंत तापवायला घेतली. भट्टी हळूहळू विझत गेली तशी भिंतीच्या आमच्या बाजूला हीटर लावले, शेजारणीचाही मागून आणला. उरलेल्या जागी गरम पाण्याच्या रबरी पिशव्या दोरीने टांगल्या. घरघरीसाठी मी टेबलफॅन रिकाम्या पिंपात ठेवला. पहिल्यांदा विमान उडाल्यासारखा आवाज आला. मग पिंपावर गोधडी टाकली, तेव्हा कुठे तो आपल्या भट्टीसारखा वाटायला लागला. गवंडी एकीकडे विटा रचत होता आणि तिरक्या नजरेने आमच्याकडे बघत होता. आमच्या डोक्यावर परिणाम झालाय असं त्याला वाटलं असणार.

ते दिवस मला नीट सलग आठवत नाहीत. अंगणातला उजेड खिडकीतून यायचा, काचांच्या रिकाम्या मांडणीवरून सरकत जायचा. आम्ही हलक्या पावलांनी पिशव्या बदलायचो, एकमेकींना खुणा करायचो, कुजबुजायचो. विटांची धूळ उन्हात तरंगायची. कधी कधी मला स्वतःलाच वाटायचं, भट्टी पेटलेलीच आहे. भिंतीपलीकडे बाबा तळहात टेकवून पडलेले असायचे आणि चेहरा इतका शांत, की बघून मला भरून यायचं. मी त्यांना फसवत होते, याची लाज वाटायची आणि फसवणूक टिकावी म्हणून जीव तुटायचा.

एका दुपारी त्यांना औषध द्यायला गेले तर ते म्हणाले, "तो पंखा जरा बंद कर. पाती घासतायत, तेल घालायला हवं त्याला."

मी औषधाची बाटली उघडत विचारलं, "कुठला पंखा, बाबा?"

"पहिल्याच दुपारी वीज गेली, तर भट्टीचा आवाजही गेला. आपली भट्टी विजेवर कधीपासून चालायला लागली?"

मी खाली बसले. रडू आवरेना. "मूस तडकली हो. मला विझवायला लागली. तुमच्या आजोबांची आग माझ्या हातून गेली."

"ती आधीच गेलीय," बाबा म्हणाले. "माझ्या हातून. माझे वडील याच खाटेवर होते. भट्टीपुरता कोळसा मिळेना, भट्टी विझली. त्यांना कसं सांगू? भिंतीपलीकडे शेगड्या मांडल्या आणि बसलो भाता चालवत. त्यांनी भिंतीला हात लावला, म्हणाले, छान तापलीय. आणि पुढे दोन-चार दिवसांत गेले. मरणाऱ्या माणसाला फसवलं मी. आयुष्यभर तो काटा बोचत राहिला. म्हणून तर येईल त्याला ठासून सांगत होतो, एकदाही विझली नाही."

मी मान वर केली. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होते.

"आता इथे पडल्यावर कळलं गं. खाटेवरून सगळं ऐकू येतं. तेव्हा शेगडी सरकवलेली, कोळसा पडलेला, वडिलांनाही आलंच असणार. त्यांना सगळं माहीत होतं."

"मग ते बोलले का नाहीत?"

"मी तरी का बोललो नाही इतके दिवस? तुम्ही दोघी पलीकडे धडपडताय, कुजबुजताय, माझ्यासाठी. मला वाटलं, हे थांबू नये. त्यांनाही तसंच वाटलं असेल. आग कधीच गेली होती, पोरी. भिंत मात्र दोन्ही वेळा कोणीतरी तापवली."

मी त्यांच्या छातीवर डोकं टेकवलं.

तेवढ्यात आत्या स्वयंपाकघरातून गरम पाण्याची पिशवी भरून परत निघालेली, खोलीच्या दारात थबकली. माझे रडून लाल झालेले डोळे बघून घाबरली, आणि बाबांना संशय येऊ नये म्हणून मोठ्याने म्हणाली, "काय बाई उकडतंय! आज भट्टी जरा जास्तच पेटलेली दिसतेय."

बाबांनी माझा हात दाबला. मग तोंड भिंतीकडे वळवून, अगदी गंभीरपणे म्हणाले, "हो ना. मलाही घाम आलाय. पण असू दे, कमी करू नका."

आत्याने सुटकेचा श्वास सोडला आणि पिशवी पदराखाली लपवून लगबगीने पलीकडे गेली.