बाटलीतली पांढरी पूड

पाण्याच्या दुकानाच्या शटरवर चिकटवलेली बंदीची लाल नोटीस दिसू नये म्हणून आलिंग बासिया, म्हणजे बासियामावशी, सकाळपासून तिच्याच पुढे उभी राहून झाडत होती. तेवढाच तुकडा झाडून झाडून माती खरवडली गेली, पण नोटीस तिच्या डोक्यावर हातभर उरतच होती. बाई उंचीने बेताची. तोरा मात्र चर्चच्या घंटेपर्यंत पोचणारा.

अठरा वर्षं ती गावाला फिल्टरचं पाणी पाजत होती. बाळंतिणीला तिचं पाणी, पाद्रीबाबांना तिचं पाणी. आणि आता महिन्याच्या तपासणीत तिच्याच पाण्यात जंतू निघाले! तेही आतड्यातले. गावच्या संताच्या, सान रोकेच्या जत्रेला चार दिवस उरलेले, घरोघर डुक्कर भाजायची तयारी, आणि बासियाचे निळे जार रिकामे, ओळीने उन्हात.

दोष कुणाचा, हे तिने रिपोर्ट वाचायच्या आधीच ठरवलं होतं. तसंही वाचायला तिला चष्मा आणि सून दोन्ही लागत. नमुन्याची बाटली सुनेने भरली होती, म्हणजे विषय संपला.

"फोनवर बोट फिरवायचं आणि त्याच बोटाने नळ सोडायचा," ती कुंपणापलीकडच्या आलिंग चेडेंगला म्हणाली, म्हणजे अख्ख्या गल्लीला. "दुसरं काय होणार?"

"नानाय, साबणाने हात धुतले होते मी," सून जोवेलिन म्हणाली. सासूला ती नानाय, म्हणजे आई, म्हणे.

"मग जंतू काय माझ्या घरी जत्रेला आले?"

जोवेलिन आत निघून गेली. नवरा जहाजावर, सासू अशी. दुपारी तिने खाटेखालची बॅग काढून झटकली आणि परत आत सरकवली नाही. बासियाने ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

दुसऱ्या दिवशी देल्फिन आला, नगरपालिकेचा आरोग्य निरीक्षक. त्याच्या लग्नात बासिया धर्ममाता म्हणून उभी होती, म्हणून तो तिला निनांग म्हणे. आल्या आल्या त्याने वाकून तिचा हात कपाळाला लावला.

"हात कपाळाला लावतोस आणि नोटीस दाराला," बासिया म्हणाली.

"मी लावली नसती तर बायकोने लावली असती, निनांग. आमचं तान्हं तुमचंच पाणी पितं."

बासियाने न भांडता त्याला आत घेतलं. असं क्वचित होई.

त्याने फिल्टर पाहिले, जंतू मारायचा निळा दिवा पाहिला. सगळं जागच्या जागी. "यंत्र ठीक आहे," तो म्हणाला. "मग चूक नमुना भरणाऱ्या हातांची दिसते. दुसरा नमुना मी घेतो. जोवेलिन, तुझं आरोग्य कार्ड मात्र जमा करावं लागेल. तीन महिने पाण्याला हात लावायचा नाही."

जोवेलिनने गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्या कार्डाशिवाय तिला पाण्याच्याच काय, भाताच्या खानावळीतही कुणी उभं केलं नसतं.

देल्फिनने नळाचं तोंड स्पिरिटने पुसलं, पाणी थोडा वेळ वाहू दिलं आणि नवी बाटली उघडली. बासिया वाकून बघत होती. बाटलीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड होती.

"ही पूड कसली रे?" तिने विचारलं. इतक्या हळू आवाजात तिला कुणी बोलताना ऐकलं नव्हतं.

"औषध आहे. पाण्यात क्लोरीन असेल तर ते मोडायला. प्रयोगशाळेतून बाटली निर्जंतुक करूनच येते, म्हणून ती धुवायची नसते. झाकणाच्या आत बोटसुद्धा लागता कामा नये."

बासियाला पहिली बाटली आठवली. पहिला नमुना भरायचा होता त्या सकाळी जोवेलिन आंघोळीला गेली होती आणि बाटली टेबलावर होती. आत पांढरं काहीतरी दिसलं. सरकारी माणसं घाणेरडी बाटली पाठवतात म्हणत तिने ती अंगणातल्या हापशावर नेली. विकायचं पाणी बाटली धुण्यात कोण घालवतो? नारळाच्या काथ्याने घासली, एप्रनच्या टोकाने आतून लख्ख पुसली, झाकण लावून होती तिथे ठेवली. सांगितलं कुणालाच नाही. भांडं घासलं म्हणून कुणी दवंडी पिटतं का?

कुणी पाहिलंही नव्हतं. देल्फिनने फॉर्मवर जोवेलिनचं नाव लिहायला घेतलं होतं. बासियाने नुसतं आत जाऊन भात टाकला असता तरी चाललं असतं.

"थांब. खोड ते नाव."

"का?"

"बाटली मी धुतली. हापशावर. काथ्याने. आणि पुसली ह्याने." तिने एप्रन दाखवला.

देल्फिनने एप्रनकडे बघितलं आणि डोळे मिटले.

"काय म्हणालीस गं, बासिया?" कुंपणापलीकडून चेडेंग.

"बाटली मी धुतली म्हटलं! सुनेने नाही, मी! जा, सांग गल्लीला. कालपासून ओरडून माझा घसा बसलाय."

देल्फिनने कार्ड जोवेलिनला परत दिलं. नोटीस मात्र काढली नाही. रिपोर्ट येईपर्यंत ती राहणार होती, निनांग असो की बिशप. वर त्याने बासियाचं नाव पाणी हाताळणाऱ्यांच्या वर्गासाठी लिहिलं. एकाहत्तराव्या वर्षी ती विशीतल्या पोरींशेजारी बाकावर बसली आणि गळ्यात कार्ड घालून आली. फोटो वाईट आला म्हणून तिथेही भांडली.

जत्रेच्या दिवशी तिच्या अंगणात पलीकडच्या गल्लीतल्या दुकानाचे जार होते. पाहुण्यांनी लेबलं वाचली. बासियाने त्यांना आणखी डुक्कर वाढलं.

जत्रेनंतर स्वच्छ रिपोर्ट आला. देल्फिनने नोटीस काढली, तिचा गोंद बासियाने नखांनी खरवडला. सुनेला माफ कर वगैरे ती म्हणाली नाही. पुढच्या महिन्यात नमुन्याची बाटली आली, तेव्हा तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"जोवी! तुझी बाटली आली. मी लांब उभी आहे!"