कपाळावरचा भंडारा

प्रांजलीचा कुठलाही व्हिडिओ सुरू व्हायचा तो भंडाऱ्यानं. आधी हळदीची चिमूट दिसायची, मग ती कपाळाला लागायची आणि मग बाईसाहेब बोलायला लागायच्या, "राम राम मंडळी, मी धनगराची लेक." करमाडपासून पार लासूर स्टेशनपर्यंत मेंढ्या राखणारी माणसं तिला बघत. कोकराला जुलाब झाले तर काय करावं, लोकर कधी कातरावी, असलं ती सांगायची. त्यातलं निम्म्याहून जास्त तिच्या बापाचं, मल्हारीचं, असायचं. मल्हारीला त्याचं काही वाटत नसे. उलट मेंढरं घेऊन जिथं जाईल तिथं तो लेकीचं कौतुक सांगत बसायचा.

संभाजीनगरला खोली घेऊन राहणाऱ्या प्रांजलीला एक दिवस औरंगपुऱ्यातून बोलावणं आलं. एका अरुंद जिन्यावर पशुखाद्याच्या नव्या कंपनीचं ऑफिस होतं. तिथल्या आदिनाथ नावाच्या माणसानं तिला थंड पाजलं, खाद्याची पोती गावी पोचवायचं कबूल केलं आणि टेबलावरून एक नवाकोरा मोबाईल तिच्याकडं सरकवला. भारीतला होता. असला मोबाईल ती दुकानाच्या काचेतून बघून पुढं जायची.

"व्हिडिओखाली जाहिरात असं लिहावं लागतं ना?" तिनं विचारलं. म्हणजे बघा, तिला ठाऊक नव्हतं असं नाही.

"नियम आहे ओ ताई," आदिनाथ हसला. "पण जाहिरात म्हटलं की लोक बघतच नाहीत, सरळ पुढं जातात. धनगराच्या लेकीनं घरचं म्हणून सांगितलं तर बातच वेगळी. आणि तो भंडारा विसरू नका बरं का."

प्रांजलीही हसली आणि मोबाईल पर्समध्ये टाकून जिना उतरली.

व्हिडिओ काढायला ती करमाडला घरी गेली तेव्हा मल्हारी बाजाराला गेला होता. हे तिच्या पथ्यावरच पडलं, कारण मेंढ्यांनी त्या खाद्याला नुसतं हुंगलं आणि तोंडं फिरवली. मुक्या जनावरांना कुणी मोबाईल दिलेला नव्हता. मग प्रांजलीनं गूळ पाण्यात कालवून खाद्यावर शिंपडला. मेंढ्या तुटून पडल्या आणि ती कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली, "आमच्या आबांच्या मेंढ्यांना आम्ही हेच घालतो."

मल्हारी परत आला तर मेंढ्यांच्या वाड्याच्या कडेला पोती. "कुठली गं ही?"

"मी घेतली आबा. माझ्या कमाईतून. हा मोबाईलपण."

हे दुसरं खोटं बोलायची तर काडीचीही गरज नव्हती. पण बापापुढं मोठं दिसायची हौस तिला आवरली नाही. मल्हारीनं पोत्यावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवसापासून भावकीत सांगत सुटला की माझ्या पोरीनं स्वतःच्या पैशानं बापाच्या मेंढ्यांना खाद्य आणलं. घातलं मात्र त्यानं ते कधीच नाही. त्याच्या मेंढ्या आपल्या रानात चरून खूश होत्या.

पुढं महिन्याभरानं कडूबातात्याच्या नातीचं बारसं आलं. कडूबा म्हणजे मल्हारीचा थोरला चुलतभाऊ, शेजारच्याच वस्तीवरचा. जेवणं उरकली, बाया पाळण्याभोवती बसल्या आणि गडीमाणसं मांडवात तंबाखू मळत बसली. कडूबातात्यानं प्रांजलीला हाक मारली.

"काय गं पोरी, तुझं ते खाद्य माझ्या मेंढ्या तोंडातबी घेईनात. व्हिडिओत तर तुझ्या बापाच्या लई आवडीनं खात व्हत्या."

सगळे हसले. प्रांजलीही हसली. तेवढ्यात कडूबाचा पुतण्या हनुमान बोलला. हा शहरात कॉलेजला होता आणि त्याला गप्प बसवत नसे. "तात्या, असल्या लोकांना कंपनी समदं फुकट देती. वर मोबाईल देती, पैसे देती. खाली जाहिरात म्हणून लिहायला पाह्यजे, पण लिहीत नायत."

मल्हारी ताडकन उठला. "कोणाला म्हणतो रं? माझ्या पोरीला?"

"काका, मी आपलं सगळ्यांचं सांगितलं."

"सगळ्यांचं नाय, हिचं बोल! तिनं सोताच्या कमाईतून घेतली पोती. भंडारा उचलू?"

तंबाखू मळणारे हात थांबले. या लोकांत भंडारा उचलणं म्हणजे शेवटचा शब्द. त्यानंतर वाद नाही, साक्षीपुरावा नाही. जमिनीच्या भांडणातही माणसं त्याला हात घालताना दहादा विचार करतात. कडूबातात्या मध्ये पडला, "बस खाली मल्हारी. एवढ्याशा गोष्टीला देवाला कशाला आणतो?"

मल्हारी कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडत होता. गाठ घट्ट बसली होती, त्याच्या बोटांना सुटेना. तेवढ्या वेळात प्रांजलीला बोलता आलं असतं. 'आबा, थांबा' एवढंच म्हणायचं होतं. तिनं बापाकडं पाहिलं, हनुमानकडं पाहिलं आणि हातातला मोबाईल पदराखाली घेतला.

गाठ सुटली. मल्हारीनं तळहातावर भंडारा घेतला, तो कपाळाला लावला आणि म्हणाला, "माझ्या लेकीनं या खाद्यापायी कोणाचं फुकट काय बी घेतलं असंल, तर मल्हारी मार्तंड मला बघून घेईल."

हनुमान उठला आणि मल्हारीच्या पाया पडला. "चुकलं काका." मग तो प्रांजलीकडं वळून म्हणाला, "ताई, माफ कर." प्रांजलीला वाटलं, आत्ता जमीन दुभंगली तर बरं होईल. पण लाज अजून पुरती व्हायची होती.

"झालं तर मंग," कडूबातात्या म्हणाला. "मल्हारीनं भंडारा उचलला म्हणजे खाद्य चांगलंच असणार. माझ्याच मेंढ्यांचं तोंड नासलं असंल. अजून एक डाव आणून बघतो." दुसरा म्हणाला, मलापण पाहिजे. तिसरा म्हणाला, "कुठं मिळतं गं पोरी?"

आणि प्रांजलीनं दुकानाचा पत्ता सांगितला.

घरी जाताना मल्हारी खुशीत होता. बांधावरून पुढं चालता चालता मागं वळून बोलत होता, "त्या हनुमानाचं तोंड कसं बंद झालं, बघितलं का?" त्याच्या कपाळावर उन्हात भंडारा चकाकत होता. प्रांजलीला तो बघवेना. ती बांधावरच खाली बसली आणि रडत रडत सगळं बोलली. ऑफिस, पोती, मोबाईल, गूळ, सगळं.

मल्हारी उभाच राहिला. त्यानं शिवी दिली असती, हात उचलला असता, तर तिला सोपं गेलं असतं.

"गाठ सुटत नव्हती तव्हा तू माझ्याकडं बघत व्हतीस," तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्यासाठी जीव तुटतोय तुझा."

एवढंच बोलून तो चालू लागला. घरी आल्यावर जेवला नाही. बानाबाईनं, प्रांजलीच्या आईनं, काय झालं म्हणून विचारलं, तर दोघांपैकी कुणी सांगितलं नाही.

सकाळी मेंढरं सोडायच्या आधी तो कडूबाच्या वस्तीवर गेला. प्रांजली मागोमाग गेली. तिला वाटलं, आबा आता आपल्याला पुढं करणार. मल्हारीनं तसं केलं नाही. मांडवाचे बांबू सोडणाऱ्या माणसांसमोर त्यानं डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. "काल मी खोटा भंडारा उचलला," तो म्हणाला. "ते खाद्य कोणी घेऊ नका."

"कोण म्हणतं खोटा?" कडूबातात्या चमकला. "तुला काय ठाऊक व्हतं का..."

"उचलला मी. खोटा निघाला. बाकी काय इचारू नका."

लेकीचं नाव त्यानं घेतलं नाही. मग प्रांजलीच पुढं झाली आणि सगळ्यांसमोर बोलली, पण तिचा आवाज इतका बारीक निघत होता की कडूबातात्यानं दोनदा "काय?" म्हणून विचारलं. हनुमान खाली मान घालून बांबू सोडत राहिला. जिंकल्यासारखा तोही दिसत नव्हता.

प्रांजली शहरात परतली. मोबाईल औरंगपुऱ्यात आदिनाथच्या टेबलावर ठेवला आणि जुन्या मोबाईलवर व्हिडिओ काढला. खाद्य फुकट मिळालं होतं, मोबाईल मिळाला होता, मेंढ्यांनी गुळासाठी तोंड लावलं, मी तुमच्यापासून लपवलं, नियम ठाऊक असून लपवलं, मला माफ करा. बोलताना ती खरंच रडली. त्यात खोटं काही नव्हतं.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ तिच्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त लोकांनी पाहिला. शाब्बास वाघिणी, असा खरेपणा आता राहिला नाही, ताई तुमच्या आईबापाचे संस्कार दिसतात, असं लोक लिहीत होते. वाचता वाचता तिचं मन जरा सैल झालं. झालं गेलं, निस्तरलं आपण, असं तिला वाटायला लागलं.

तेवढ्यात बानाबाईचा फोन आला.

"बघितला गं तुझा व्हिडिओ. शेजारच्या पोरानं दाखवला. आबाबी व्हते संगं."

"काय म्हणाले?"

"काय म्हणत्यात? काय नाय." बानाबाईनं आवाज खाली आणला. "पोरी, त्या दिसापासून त्यांनी कपाळाला भंडारा लावला नाय. पिशवी खुंटीला टांगून ठेवलीय. म्हणत्यात, मला आता तो हक्क नाय. उभ्या जन्मात त्यांचं कपाळ असं मोकळं बघितलं नव्हतं मी."

प्रांजलीनं मोबाईल कानाशी आणखी घट्ट धरला.

"तुझा व्हिडिओ चालू झाला आन् ते उठून बाहेर गेले," बानाबाई म्हणाली. "तू सुरवातीलाच भंडारा लावलास ना."

फोन ठेवल्यावर प्रांजलीचा हात कपाळाकडं गेला. रोजच्या सवयीनं, व्हिडिओ चांगला दिसावा म्हणून लावलेला भंडारा अजून तिथंच होता.