खुंटीवरची बावीस मीटर वायर

टेंभुर्णीत डिश-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या रहमतुल्लाने आसराबाईच्या ओसरीत तीन वायरी मांडल्या. एक पांढरी, एक काळी बारीक, आणि एक काळीच पण करंगळीएवढी जाड.

"ही पांढरी टीव्हीची हाये, भाभी. ती पंचाहत्तर ओमची, रेडिओला पन्नासची लागते. ती सोडा. या दोघींतली ही जाड घ्या."

ओम म्हणजे काय, हे आसराबाईने विचारलं नाही. मेंढरांचे दोर निवडण्यात तिचा जन्म गेला होता आणि दोर निवडायची तिची एक पद्धत होती. बारीक काळी तिने ओढून पाहिली, मग दाताखाली धरून पाहिली. जाड वायर हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली. ती वाकेना. न वाकणारा नवरा घरात असताना न वाकणारी वायर कशाला, असं तिचं मत पडलं.

"बारीक द्या. बंडल केवढं हाये?"

"तीस मीटर. पण तुम्हाला आठच लागते. पत्र्यावरच्या अँटेनापासून या टेबलापर्यंत. वायर जेवढी लांब, तेवढी ताकद खाते. अन् ही बारीक तर जास्तच खाते. बाकीची कापून टाकतो."

"कापायची न्हाई."

"का बरं?"

"मालक मेंढरं घेऊन डोंगरात गेले की घरातला दोर कापत न्हाईत. सासूच्या सासूपासून रीत हाये."

"वायर म्हणजे दोर न्हाई, भाभी."

"लांब हाये, गोल गुंडाळता येते, खुंटीला टांगता येते. मंग काय हाये?"

रहमतुल्लाने पक्कड खिशात ठेवली. आठ मीटर वायर कामाला लागली आणि उरलेल्या बावीस मीटरचं वेटोळं, न तोडता, खुंटीवर चढलं.

रेडिओचं कारण असं. आसराबाईचा नवरा धुळाजी दर पावसाळ्यात मेंढरं घेऊन अजिंठ्याच्या डोंगरात जातो. तिथे मोबाइलला रेंज नाही. मागल्या साली घरी परतायच्या दिवशीच तो नाल्यात घसरला, पाय मोडला आणि दोन दिवस तिथेच पडून राहिला. आसराबाईला कळलं तिसऱ्या दिवशी, तेही एका दूधवाल्याकडून. ते दोन दिवस तिने कसे काढले हे तिने कुणाला सांगितलं नाही, पण जालन्याच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या आदिनाथने आईचा चेहरा पाहिला होता. त्याने यंदा बोलायचे-ऐकायचे दोन रेडिओ आणले. परवाना लागत नाही असे, पाच वॅटचे. हातातला बापाला, टेबलावरचा आईला. रोज संध्याकाळी सहाला बापाने टेकडीवर चढायचं आणि बरा आहे म्हणायचं. एवढंच.

पहिल्या दिवशी सहाला रेडिओ खरखरला.

"आसरे, ऐकू येतंय का?"

आसराबाईने बोलायचं बटण दाबलं. "येतंय. बोला."

"आसरे, ऐकू येतंय का?"

"येतंय म्हनते ना!"

"न्हाई येत वाटतं," धुळाजी स्वतःशीच म्हणाला.

आता कुणीही शहाणा माणूस इथे रेडिओ बंद करील. धुळाजीने केला नाही. तो बोलायला लागला.

धुळाजीचं घरातलं बोलणं म्हणजे भाकर वाढ, निघतो आणि हां. बत्तीस वर्षांच्या संसारात यापलीकडचा शब्द आसराबाईने क्वचितच ऐकला होता. तो माणूस त्या संध्याकाळी एका लंगड्या मेंढीबद्दल बराच वेळ बोलला. दुसऱ्या दिवशी गवताबद्दल बोलला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "सोबतचा कडूबा भाकरी करून राह्यला, पण नुसत्या पाट्या हायेत. तुझ्या हातची भाकर आठवते, आसरे." मीठ कमी आहे एवढंसुद्धा जो कधी बोलला नाही, त्याचं हे बोलणं. आसराबाई हनुवटीला हात लावून बसून राहिली. तिने बटण दाबून पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी तो नाल्याचं बोलला. "पाय मोडला म्हनून न्हाई रडलो. तू दारात उभी राहून वाट पाहत असशील, म्हनून रडलो. हे तुला ऐकू येत न्हाई म्हनून सांगतो."

पाचव्या दिवशी दुपारी रहमतुल्ला डोकावला. "रेडिओ चालतो का, भाभी?"

"बराबर चालतो."

"तुमचा आवाज तिकडं जातो का?"

"वायर कापायची न्हाई, सांगितलं ना."

त्याने कापायचं नावही काढलं नव्हतं. त्याने खुंटीकडे पाहिलं. "यायचा आवाज कसाबी येतो, भाभी. जायाचाच वायरीत मरतो. पाचातले तीन वॅट या खुंटीवर लटकून राह्यले."

"चहा घ्या," आसराबाई म्हणाली, आणि सहा वाजायच्या आत तिने त्याला वाटेला लावलं. आपल्याच नवऱ्याचं चोरून ऐकतो आहोत, हे तिला कळत होतं. लाज वाटत होती, आणि फार गोडही वाटत होतं. जाड वायर लागली की तो पुन्हा हां म्हणून मोकळा होणार, हेही तिला ठाऊक होतं. रीत मोठी सोयीची निघाली.

सातव्या दिवशी धुळाजीने आधी तिला दोनदा हाक मारली. मग म्हणाला, "आसरे, सात दिस झाले. कडूबा म्हनतो मशीन बिघडलं. मशीनचं मला काय? तू हायेस का न्हाईस, तेच कळंना. झोप लागंना मला."

आसराबाई बटण दाबून ओरडली. शेजारची दैवशाला पळत आली, टेकडीपर्यंत मात्र काही गेलं नाही.

ही झोप न लागणं तिला चांगलं माहीत होतं. तिने दोनच दिवस सोसलं होतं, त्याला सात झाले होते आणि ते तिनेच लावले होते. तिला स्वतःचा संताप आला. तिने देवाची माफी मागितली, लोकर कापायची कातर काढली आणि खुंटीवरचं वेटोळं एका झटक्यात तोडलं. मग रहमतुल्लाला फोन लावला. "तोडली. सकाळी ती जाड घेऊन या. आठच मीटर."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जाड वायर लागली. सहाला रेडिओ खरखरला.

"आसरे, ऐकू येतंय का?"

"येतंय."

पलीकडून कडूबाला मारलेली हाक ऐकू आली. मग, "हां. बरी हायेस ना?"

"बरी हाये. तुम्ही?"

"बरा हाये. मंग ठेवतो."

"थांबा." आसराबाईने बटण सोडलं नाही. "पहिल्या दिसापासून मला समदं ऐकू येत व्हतं."

खरखरीतून धुळाजीचा आवाज आला.

"समदं?"

"समदं. भाकरीचं बी. नाल्याचं बी."

कुठेतरी एक मेंढी ओरडली. मग धुळाजी अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मंग आता काय बोलू?"

"काहीबी बोला. मी मधी बोलत न्हाई," आसराबाई म्हणाली, आणि तिने बटण सोडलं.

धुळाजीने घसा खाकरला.

"आज ना, आसरे," तो म्हणाला.