पंचवीस किलोच्या पिंपावर बावन्न

सुज्ञ वाचकहो, महाडच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या रसायनाच्या कारखान्यात गेल्या शुक्रवारी जो बिकट प्रसंग उद्भवला व ज्या रीतीने तो टळला, त्याचे यथामती कथन मी येथे करीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले असून भरलेली पिंपे काट्यावर तोलणे हे माझे नित्यकर्म होय.

आमचा माल इस्रायल देशी जातो. त्यावर हिब्रू भाषेचे लेबल लागते. ही लिपी उर्दूप्रमाणे उजवीकडून डावीकडे वाचतात. ग्राहकाने मेलवर धाडलेला मजकूर पोलादपूरची रेश्मा संगणकाच्या डेटाबेसमध्ये साठविते. ती सहा महिन्यांच्या कंत्राटावर आहे.

त्या सकाळी ग्राहकाची फोटोसहित तक्रार आली की, मागील पिंपांवरील अक्षरे उलट क्रमाने छापली आहेत. माल रवाना करणाऱ्या खात्याचे सुहास साहेब तिच्या टेबलापाशी येऊन गरजले, "तीन महिने उलटं भरतेयस?"

"सर, मी टाइप केलंच नाही. मेलमधून उचलून तसंच ठेवलंय. स्क्रीनवर बघा, बरोबर दिसतंय."

"स्क्रीन काय पिंपाला चिकटवायची? चाळीसच्या चाळीस नोंदी उलट्या कर. चारला कंटेनर निघतो. नाही जमलं तर सोमवारपासून येऊ नकोस."

रेश्माचे नेत्र सजल झाले. तथापि तिने एक नोंद अक्षरागणिक उलटी करून लेबल काढले. ग्राहकाने तक्रारीसोबत धाडलेल्या नमुन्याशी ताडता अक्षरे तंतोतंत जुळली.

"बघ! होती ना तुझीच चूक?" साहेब म्हणाले.

लेबल मजकडे आले. हिब्रूचे एकही अक्षर मला ज्ञात नाही. परंतु लेबलावरील वजन इंग्रजी आकड्यांत असते, व ते काट्याशी पडताळल्यावाचून मी पिंप पुढे सोडीत नाही. काटा पंचवीस दाखवीत होता आणि लेबल बावन्न.

"रेश्मे, इकडं ये गो! ह्या पिंपात बावन्न किलो मावतील काय? माझा काटा पिऊन आलाय का तुझा लेबल?"

ती धावत आली आणि लेबल व काटा आळीपाळीने पाहू लागली. "काका, आधीच्या लेबलावर किती होतं?"

"पंचवीसच. वजन कधी चुकलं नाय."

"म्हणजे मी ओळ उलटवली तसा आकडाही उलटला! हे लोक अक्षरं उजवीकडून लिहितात, पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून. काका, साठवलेलं सगळं बरोबर हाय! लेबल छापणारा प्रोग्रामच अक्षरं डावीकडून मांडत सुटलाय."

"मग आकडा तेवढा हाताने सरळ कर," साहेब म्हणाले.

"सर, ह्याच नोंदींवरून कंटेनरचे कागद निघतात. ते आज बरोबर छापले जातात, नोंदी उलटवल्या तर ते बिघडतील."

रेश्माने तो प्रोग्राम बसवून देणाऱ्या दीपकला फोन लावला. लेबलाच्या सेटिंगमध्ये 'उजवीकडून डावीकडे' असा एक चौकोन असून त्यात आजवर कोणी खूणच केली नव्हती, असे त्याने सांगितले. तिने ती नोंद मेलमधून पूर्ववत् केली, खूण केली आणि लेबल काढले. अक्षरे नमुन्याबरहुकूम, वजन पंचवीस! माझ्या छातीवरील धोंड उतरली.

चारला वीस मिनिटे कमी असता शेवटचे पिंप कंटेनरमध्ये चढले. साहेब दारात थबकले.

"रेश्मा, सोमवारी नऊला ये. उशीर नको."

"सर, मी रोज पावणेनऊलाच येते."

"माहितीये," असे पुटपुटून ते निघून गेले, आणि ती पोर दिवसभरात प्रथमच मोकळेपणी हसली.

आपला अमूल्य वेळ खर्चून आपण हे वाचलेत, याबद्दल मी आपणा सर्वांचा ऋणी आहे.

कोंडाजी सकपाळ,
मु. कापडे, ता. पोलादपूर