आकाशाचा आदेश आणि फ्रिजचा खालचा कप्पा

अक्षयाने मला सोडलं तेव्हा भाडेकरार संपायला अजून बराच अवकाश होता. त्यामुळे इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या त्या घरात आम्ही तिघं राहायला लागलो: ती, मी आणि ज्याच्यासाठी तिने मला सोडलं तो पुष्कर. मी बॉक्सरूममध्ये गेलो. तिथे एकतर मी झोपू शकत होतो किंवा दार उघडू शकत होतो.

अक्षया प्राचीन चीनवर पीएचडी करत होती. तिच्याकडे कशालाही तीन हजार वर्षांपूर्वीचा दाखला असायचा.

"अवधूत, राजा राज्य करतो ते आकाशाच्या आदेशाने. तो नालायक निघाला की आकाश आदेश काढून दुसऱ्याला देतं. पण जिंकणाऱ्या चौ घराण्याने हरलेल्या शांग राजांच्या वारसांना एक छोटं राज्य दिलं. त्यांच्या पूर्वजांची पूजा चालू राहावी म्हणून."

"मग मला काय मिळणार?"

"फ्रिजचा खालचा कप्पा."

त्यात मी आईने दिलेलं लोणचं ठेवलं. पूर्वज म्हणून तेवढंच जवळ होतं.

"आणि नव्या राजाचाही आदेश गेला, हे कळतं कसं?"

"पूर येतो. भूकंप, दुष्काळ. आकाश सांगतं."

एवढं मला पुरेसं होतं. ऑफिसमधले गोरे बार्बेक्यूसाठी हवामानाचा अंदाज बघायचे, मी सत्तापालटासाठी.

२००७च्या जुलैत आकाश फाटलं. गटारं तुंबली, आमच्या किचनमध्ये पाणी शिरलं. मला इतका आनंद झाला की मी चहा टाकला. तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस डॉयलना पाठुंगळी घेऊन पुष्कर दारातून आत आला. पाणी घोट्याइतकंच होतं, पण त्यांच्या सपाता नव्या होत्या. त्यांना सोफ्यावर बसवून त्याने अक्षयाच्या थिसिसची खोकी माडीवर नेली. मग माझे बूटही नेले.

अक्षया दमून जिन्यात बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो.

"हान घराण्याला आदेश परत मिळाला होता," मी म्हटलं. "वांग मांगने गादी बळकावली, मग होआंग हो नदीला पूर आला, तो मारला गेला आणि पुन्हा हान. तुझ्याच पुस्तकात आहे."

"तू वाचलंस?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "आपण एकत्र होतो तेव्हा एक पान वाचलं नाहीस रे."

"पण मिळाला ना परत?"

"घराणं परत आलं." तिचा आवाज खाली गेला. "राजा वेगळा होता. त्यांचा कुणीतरी लांबचा नातेवाईक."

मी विचार केला. "नागपूरला माझे एक माधवकाका आहेत. गुडघे दुखतात, पण माणूस चांगला आहे."

याला ती पूर्वी हसली असती. आता तिचे डोळे भरले. खालून पुष्करने हाक मारली, तशी ती बाहीने तोंड पुसून उठली. मग दोघं मिळून जिन्याच्या तोंडाशी पाणी उपसायला लागली, आणि त्यांना अडचण नको म्हणून मी पाय वर घेतले.